आक्षेप क्रमांक सतरा

नव्या चित्रपटाच्या शुक्रवारच्या खास खेळाला चाळीस जुने चाहते बोलावले होते. त्यांपैकी अडतीस जण दिवे लागायच्या आत उठून गेले आणि उरलेल्या दोघांना हलवून जागं करावं लागलं. सोमवारी चाहता मंडळाचं पत्र आलं. एक्केचाळीस पानं, हाताने लिहिलेली, त्रेसष्ट आक्षेप, मागे तीन आकृत्या. त्यांतली एक खवल्याच्या टाचेची होती.

म्हणून मंगळवारी दहा वाजता सगळं घर स्टुडिओच्या पोशाखघरात जमलं. बैठकीची खोली वरच्या मजल्यावर होती, पण काकाचा एक गुडघा बदलून झाला होता आणि दुसरा रांगेत होता. त्यामुळे घरातले सगळे मोठे निर्णय हल्ली तळमजल्यावरच व्हायचे.

खवल्या मधोमध हुकाला टांगलेला होता. पडद्यावर तो नव्वद फूट उंच, तळ्याच्या तळातून वर येणारा, गेल्या नऊ चित्रपटांत नऊ वेळा शहर अर्धं तुडवून शरमिंदा होऊन परत जाणारा. इथे तो स्पंज आणि रबराचा, चौतीस किलोंचा होता. टायरच्या ट्यूबमधून कापलेले अकराशे चाळीस खवले आजीने एकेक करून शिवले होते. मानेला हुक लावून तो असा लोंबत होता की शेवटची बस चुकलेल्या माणसाची आठवण यावी.

"आक्षेप क्रमांक एक," दादाने चष्मा लावला. दादा म्हणजे निर्माता, आजीचा थोरला. "'खवल्याची चाल बदललेली आहे. चाळीस वर्षं तो उजवा पाय ओढत, जरा फेंगडा चालत आला. या चित्रपटात तो सरळ चालतो. सरळ चालणारे आमच्या गल्लीतही पुष्कळ आहेत.'"

आजी हसली.

"आई, हसण्यासारखं काय आहे?"

"चांगलं लिहिलंय रे. पुढे वाच."

"दोन. 'खवल्या शिंकत नाही.' तीन. 'खवल्या शिंकला असता तरी आमचं समाधान झालं नसतं.'" दादाने पानं उलटली. "हे असंच आहे बरंच. सोळा, तळ्याचा रंग. सतरा..." तो थांबला. "हे बघा. 'खवल्याला बसवण्याआधी त्याला कोणी विचारलं का?' आता बोला. रबराला विचारायचं!"

"खुळे आहेत," बारकी म्हणाली.

बारकी दादाची मुलगी, एकोणतीस वर्षांची होती आणि या चित्रपटाची दिग्दर्शक होती. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी, आणि आता तिच्या हाताखाली सत्तर माणसं असली तरी तीही तिला बारकीमॅडमच म्हणत. तिच्या चित्रपटात खवल्या शहरापर्यंत जातच नाही. वाटेत एका टेकडीवर चढतो आणि खाली बसतो. बावीस मिनिटं बसतो. लोक आधी पळतात, मग थांबतात, मग हळूहळू वर येऊन त्याच्या शेजारी बसतात. संपलं.

कोपऱ्यात काका, दादाचा धाकटा भाऊ, चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट तुटून आत पडलं. त्याने ते काढायचा प्रयत्न केला नाही.

स्टुडिओत काकाला सगळे 'आतला' म्हणत, कारण चाळीस वर्षं खवल्याच्या आत तोच होता. हे स्टुडिओच्या फाटकाबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. आजोबांचा तसा दंडकच होता. नावांच्या पाटीत 'खवल्या' यापुढे आजोबा 'स्वतः' एवढंच लिहीत. माणूस दिसला की भीती जाते, असं त्यांचं म्हणणं. आजोबा गेले, पण पाटी तीच राहिली.

"माझा निर्णय झालाय," दादा म्हणाला. "शेवटची बावीस मिनिटं काढायची. शहर उभं आहेच मागच्या शेडमध्ये. जुना पोशाख, जुने पाय, जुनी चाल. आतला आहे की आपला. चार दिवसांचं काम."

"बाबा, त्याचे गुडघे?"

"चार दिवस गं."

"एक दिवससुद्धा नाही."

"मी आहे इथे," काका म्हणाला. पण ते दोघं एकमेकांशी बोलत होते.

दादा वाईट माणूस नव्हता. तो घाबरलेला माणूस होता. काल तीन चित्रपटगृहांच्या मालकांचे फोन येऊन गेले होते आणि तिघांनीही आधी तब्येतीची चौकशी केली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पहिल्या आठवड्यात थेटर भरतात ती ही जुनी मंडळी. मग ती आपली पोरं आणतात, पोरं मित्र आणतात. सहाव्या चित्रपटाच्या वेळी पुरात स्टुडिओ बुडाला, तेव्हा याच लोकांनी रांग लावून चिखल उपसला होता. कोणी बोलावलं नव्हतं. घरून फावडी घेऊन आले होते. दादाला ती फावडी अजून दिसायची. असल्या माणसांना तुम्ही काय सांगणार, की तुमचं मत आम्हाला नको?

"त्यांनी आपल्याला उभं ठेवलंय, बारके," तो म्हणाला. "त्यांना खूश करण्यात कसला कमीपणा?"

"कमीपणा नाही हो. पण त्यांना हवंय काय? पहिला चित्रपट. तो झालाय करून. आजोबांनी केलाय. हे त्रेसष्टच्या त्रेसष्ट ऐकले ना, तर तोच पुन्हा तयार होईल, फक्त तळ्याचा रंग बरोबर असेल."

"मग होऊ दे की!"

"मग मी कशाला? आजोबांचा फोटो ठेवा खुर्चीत."

आजी सुईत दोरा ओवत होती. त्र्याऐंशीव्या वर्षी ती चष्म्याशिवाय दोरा ओवायची आणि चष्मा फक्त माणसांकडे बघायला वापरायची. तिने चष्मा लावून मुलाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ काकाकडे पाहिलं.

बारकीला एक गोष्ट सांगायची नव्हती. मागच्या वर्षी तिने काकाला वरच्या मजल्यावरून उतरताना पाहिलं होतं. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून तो जिन्याकडे पाठ करून, कठडा धरून, एकेक पायरी उलटा उतरत होता. तेरा पायऱ्यांना त्याला सहा मिनिटं लागली. ती दाराआड उभी राहिली आणि त्याच आठवड्यात तिने टेकडीचा प्रसंग लिहिला. चालायच्या दृश्यांसाठी एक तरुण नर्तक घेतला, त्याच्या मापाचा नवा पोशाख केला आणि काकाच्या घरी पाय वर करून बसायची मोठी खुर्ची पाठवली. सोबत चिठ्ठी, 'आता आराम.' काकाने त्या खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली होती. तिला वाटलं, आवडली नसेल.

पावणेअकरा झाले तसा काका उठायला लागला. उठणं हा त्याच्या बाबतीत तीन टप्प्यांचा कार्यक्रम होता.

"कुठे निघालास?" आजी म्हणाली.

"जरा... बाहेर. ते मंडळाचे डॉक्टर अकराला यायचेत, त्याआधी."

"का? तुला काय चावणारेत?"

काका दुसऱ्या टप्प्यात असतानाच दार उघडलं. चाहता मंडळाचे अध्यक्ष पेशाने दंतवैद्य होते. दुसऱ्यांना तासभर ताटकळत ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र पंधरा मिनिटं आधी आला होता. त्यांनी पहिला चित्रपट दोनशे बारा वेळा पाहिला होता आणि ही गोष्ट ते नावाआधी सांगत. हातात जाड फाइल होती. नजर खोलीभर फिरली आणि काकावर येऊन थांबली.

"अहो चिटणीस!" ते म्हणाले. "तुम्ही इथे?"

काका अर्धवट उभा होता, तसाच राहिला.

दंतवैद्य जवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "शाब्बास. आत शिरलात. कसं जमवलंत?"

"चाळीस वर्षं लागली," काका म्हणाला.

"तुम्ही ओळखता याला?" दादाने विचारलं.

"म्हणजे काय! आमचे चिटणीस. सव्वीस वर्षं झाली. पत्राचा मसुदा यांचाच. अक्षर बघा, मोत्यासारखं."

दादाने अक्षर पाहिलं. काल रात्रीपासून तो तेच अक्षर वाचत होता. सख्ख्या भावाचं अक्षर त्याने ओळखलं नव्हतं, कारण चाळीस वर्षांत या भावाकडून काही लिहून घ्यायची वेळच आली नव्हती.

"मी पाकिटावरच ओळखलं," आजी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तू वाचत होतास. मधे कसं बोलायचं?"

"पण हे तुमचे कोण?" आता दंतवैद्य गोंधळले.

"माझा धाकटा भाऊ," दादा म्हणाला. मग त्याने चाळीस वर्षांचा दंडक एका शब्दात मोडला. "खवल्या."

दंतवैद्यांनी हुकाकडे पाहिलं. काकाकडे पाहिलं. पुन्हा हुकाकडे पाहिलं. मग ते जवळच्या स्टुलावर बसले. ते स्टूल नव्हतं, खवल्याची शेपटी होती.

"काका," बारकीचा आवाज बारीक झाला होता. "तू? अडतीस माणसं उठून गेली, तेव्हा तू मला पाणी आणून दिलंस. आणि घरी जाऊन हे लिहिलंस?"

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट माझे नाहीत. शिंकेचा यांचा आहे."

"तो महत्त्वाचा आहे," दंतवैद्य पुटपुटले.

"पण का?"

काका परत खाली बसला. उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

"चौथा चित्रपट लागला होता. मंडळाची सभा आहे असं भिंतीवर वाचलं. म्हटलं बघू तरी, काय बोलतात. गेलो, मागे बसलो. आणि बारके, दोन तास ते माझ्या उजव्या पायावर बोलत होते. एक बाई रडली. हे डॉक्टर तेव्हा शिकत होते, यांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. मी घरी आलो, जेवायला बसलो. दादा म्हणाला, मीठ दे. तुझे आजोबा म्हणाले, उद्या सात वाजता. बास." त्याने कप फिरवला. "कोणाची चूक नाही त्यात. घर आहे, घरात माणूस मीठच मागणार. पण मी पुढच्या सभेला गेलो. मग जातच राहिलो. अक्षर चांगलं म्हणून चिटणीस केलं."

"मी काढलेलं चित्र..." दंतवैद्य म्हणाले. "जखमी पायाचा सिद्धान्त. दुसऱ्या चित्रपटात ट्राम अंगावर येते, तिथून तो पाय अधू. बत्तीस पानं लिहिली मी. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, चिटणीस!"

"छान होतं ते."

"मग खरं नाही?"

 आजीने सुई गादीत टोचली.

"दोन्ही पाय डावे आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"लग्नाआधी मी बुटांच्या कारखान्यात होते. तिथे डाव्या पायाचं बाक वेगळं, उजव्याचं वेगळं. मी नऊ वर्षं डाव्या बाकावर. डावा मला झोपेत शिवता येई, उजवा कधी केलाच नव्हता. उजव्या बाकावरची माझी मैत्रीण नेमकी आजारी पडली आणि आमच्या ह्यांना दुसऱ्या दिवशी शूटिंग करायचंच होतं. मी म्हटलं, अहो, दोन्ही डावे झालेत. म्हणाले, नव्वद फुटांचा प्राणी आहे, पाय कोण बघतंय!"

दंतवैद्यांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. इतरांची तोंडं उघडी ठेवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचं तोंड मिटायला कोणी सांगेना.

"मग पुढच्या वेळी बरोबर का नाही केलात?" त्यांनी अखेर विचारलं.

"कसे करणार? तोवर तुम्ही बघायला लागला होतात ना."

 दंतवैद्यांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "मी... घालून बघू?"

दादा नको म्हणणार होता, पण आजीने फळीवरून खवल्याचे पाय काढलेसुद्धा. तिने टाल्कम पावडर आत मारली, दोन्ही बाजूंचे पट्टे आवळले. दंतवैद्य उभे राहिले. चेहऱ्यावर पहिल्यांदा देवळात शिरलेल्या मुलासारखा भाव होता. एक पाऊल ठीक गेलं. दुसऱ्याला त्यांनी ओठ चावला. तिसऱ्याला त्यांनी दादाचा खांदा धरला.

"अंगठा आडवा जातो," ते म्हणाले.

"हो," काका म्हणाला.

"आणि मग गुडघा आत वळतो."

"वळतो."

"किती वेळ घालायचात?"

"नऊ तास. मधे जेवायची सुट्टी. पण काढत नसे, पुन्हा आवळायला वेळ जातो."

दंतवैद्य खाली बसले. या वेळी खरंच स्टुलावर. त्यांनी पाय काढले नाहीत. "आक्षेप क्रमांक एक," ते सावकाश म्हणाले, "मागे घेतो. लगेच घेतो. चिटणीस, नोंद करा. नाही, नको, मीच करतो."

मग बाकीचेही मागे घ्या, असं म्हणायची संधी दादाने साधली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. उलट तोच जास्त हादरला होता. पूर आला तेव्हाची फावडी त्याला आठवायची. पण त्या फावड्यांच्या रांगेत भाऊ होता की नाही, हे काही केल्या आठवेना.

"होतो," काका म्हणाला, कारण दादाने ते मोठ्याने विचारलं होतं. "मंडळाच्या बाजूने उपसत होतो. तू मला म्हणालास, धन्यवाद, साहेब. चिखल होता तोंडावर."

बारकीने पत्र उचललं. पान अकरा. सतराव्या आक्षेपाभोवती शाई जरा जास्त दाबलेली होती. "आणि हा? हाही शिंकेसारखा डॉक्टरांचाच?"

"नाही. तो माझा."

"तुला बसायचं नव्हतं?"

"मला बसायचंच होतं गं!" काका एवढ्या जोरात म्हणाला की हुकावरचा खवल्या हलला. "चौथ्या चित्रपटापासून बसायचंय मला! टेकडीचं पान वाचलं तेव्हा मी रडलो. म्हटलं, कोणीतरी लिहिलं शेवटी. आणि मग समजलं, त्या टेकडीवर तो नाचणारा पोरगा बसणार. मी नाही. मला खुर्ची पाठवलीस."

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"झाला असता. पण मला विचारायचं तरी. मी म्हणालो असतो, चाळीस वर्षं चाललोय, बसेन तरी माझा मी."

बारकीने आजीकडे पाहिलं. आजीने चष्मा काढून ठेवला होता, म्हणजे ती आता मदतीला येणार नव्हती.

बारकी काकासमोर उकिडवी बसली. "काका, बसशील?"

"हो," काका म्हणाला. "एवढंच होतं."

"पण मग चाल?" दादाने दबक्या आवाजात विचारलं. "थेटरवाल्यांना मी काय सांगू?"

"तीन पावलं," काका म्हणाला. "टेकडीच्या माथ्यावर. जुन्या पायांनी. त्याहून जास्त नाही आणि त्याहून कमी मला चालणार नाही."

"मंडळाला तीन पुरतील?" दादाने दंतवैद्यांना विचारलं.

"नाही," दंतवैद्य प्रामाणिकपणे म्हणाले. "आम्हाला काहीच पुरत नाही. मी अकरा वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावरून तो पहिल्यांदा पाहिला. आता तुम्ही काय वाट्टेल ते करा, ते खांदे कुठून आणणार? पत्र लिहितो आम्ही, कारण दुसरं काय करायचं कळत नाही. तुम्ही सगळं ऐकू नका. पण वाचत जा."

दुपारी चारला मागच्या शेडमध्ये टेकडी लावली. ती लाकडी फळ्यांची आणि खोट्या गवताची होती, माथा कमरेइतका उंच, आणि बाजूने दादाने स्वतः ठोकलेला उतार. पायऱ्या नकोत, असं त्याने सुताराला दोनदा सांगितलं होतं. तो नर्तक पोरगाही आला होता. काकाला पाठीमागून हुक लावून देताना तो म्हणाला, "सर, मला ती चाल कधी जमलीच नाही." काका म्हणाला, "जमू नये तीच चांगली."

दंतवैद्यांना एका पेटीवर बसवलं होतं. बोलायचं नाही, या अटीवर.

बारकीने इशारा केला. आतून श्वासाचा घरघर आवाज आला, खवल्याने डावा पाय टाकला, मग दुसरा डावा पाय टाकला, तो जरा ओढला, आणि शेडमध्ये सत्तर माणसं होती ती सगळी अचानक लहान झाली. तिसरं पाऊल. मग तो वळला, हात टेकले आणि हळूहळू, तीन टप्प्यांत, बसला.

कॅमेरा चालू होता. बारकीने कट म्हणायला तोंड उघडलं.

"झालं का गं?" खवल्याच्या गळ्यातून काकाचा आवाज आला.

"झालं. उठायचंय?"

"घाई आहे का कोणाला?"

बारकीने दादाकडे पाहिलं. दादाने आजीकडे पाहिलं. आजी आधीच टेकडी चढायला लागली होती. ती खवल्याच्या शेजारी जाऊन बसली आणि पाय पसरले. मग दादा गेला. मग बारकीने कॅमेरा तसाच चालू ठेवला आणि तीही गेली.

पेटीवरच्या दंतवैद्यांनी खिशातून पेन काढलं, पान अकरा उघडलं आणि सतराव्या आक्षेपावर काट मारली. ती मारताना त्यांनी पट्टी वापरली.

"उरले एकसष्ट," ते अट मोडून म्हणाले. "त्यांचं आपण चहा घेऊन बघू. शिंकेपासून सुरुवात करू या का?"

टेकडीवर, आत कुठेतरी, काका शिंकला.